नवऱ्याच्या नकळत इंजेक्शन घेतले, तर तो विश्वासघात ठरेल का?

आदरणीय ताई,

माझे वय २७ वर्षे असून मी दक्षिण नागपुरात सासरी राहते. माहेर उमरेडकडे आहे. लग्नाला सहा वर्षे झाली. मला दोन मुली आहेत, मोठी पाच वर्षांची आणि धाकटी अकरा महिन्यांची. पती बुटीबोरीला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला जातात. धाकटीच्या जन्मापासून घरात मुलासाठी घाई चालली आहे. माझे अंग अजून भरून आलेले नाही, अंगात रक्त कमी आहे, आणि मला तिसरे बाळंतपण नको आहे, निदान आता तरी नको आहे. हे मी एकदा पतींना सांगितले, तेव्हा ‘तू कोण ठरवणारी’ म्हणून त्यांनी मारले. त्यानंतर मी सरकारी आरोग्य सेवेतील आशाताईंकडून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या आणल्या आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाशी ठेवल्या. गेल्या महिन्यात सासूबाईंनी पीठ चाळायला घेतले आणि पाकीट वर आले. त्या रात्री पतींनी पट्ट्याने मारले, थोडा वेळ गळाही दाबला, आणि पाकीट नालीत फेकून दिले. तेव्हापासून ते माझी पर्स, कपाट आणि फोन तपासतात, पाळीची तारीखही विचारतात. रात्री इच्छा नसली तरी मला नाही म्हणता येत नाही.

डागा दवाखान्यात तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते असे ऐकले आहे. ते पतींच्या नकळत घेतले तर तो विश्वासघात होईल का? दवाखान्यात त्यांची सही मागतात का? जाऊ म्हणते की त्या इंजेक्शनाने कूस कायमची बंद होते. कधी वाटते, ऑपरेशनच करून मोकळे व्हावे. आई म्हणते, एक मुलगा होऊ दे, मग सगळे शांत होईल. सासूबाई म्हणतात, या वेळी ‘तपासून’ घेऊ. मी काय करावे?

एक बहीण, नागपूर
(नाव छापू नये)

*

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या आधी मी तुमच्या पत्रातील अशा एका वाक्यापाशी थांबते, जे तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेला आहात. ‘थोडा वेळ गळाही दाबला’ असे तुम्ही लिहिले आहे. पट्ट्याचे वळ दिसतात आणि दुखतात, म्हणून ते मोठे वाटतात. गळ्यावर बहुतेक वेळा खूणही उमटत नाही, म्हणून तो प्रकार बाईच्या स्वतःच्या सांगण्यातसुद्धा अर्ध्या वाक्यात संपतो. प्रत्यक्षात घरातील मारहाणीत गळा दाबला जाणे हे जिवाच्या धोक्याच्या सर्वांत गंभीर लक्षणांपैकी एक मानले जाते, कारण ज्या पुरुषाचा हात एकदा गळ्यापर्यंत गेला आहे, त्याच्याकडून पुढे जीव जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्या रात्रीनंतर तुमचा आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, मधूनच चक्कर येत असेल किंवा डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके दिसले असतील, तर महिना उलटला असला तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन दाखवा. पुन्हा कधी असे घडले, तर बाहेरून काहीही दिसत नसले तरी त्याच दिवशी जा, कारण गळ्याच्या आतली सूज काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही वाढते. डॉक्टरांनी विचारल्यावर ‘पाय घसरून पडले’ असे सांगू नका. केसपेपरवर जे कारण लिहिले जाते तेच पुढे पुरावा म्हणून उभे राहते, आणि आपल्याकडच्या असंख्य केसपेपरांवर बाया न्हाणीघरात घसरून पडलेल्या आहेत.

हे आधी सांगण्याचे कारण असे की तुमच्यासाठी योग्य साधन कोणते, हे फक्त तुमचे वय, रक्त आणि बाळ पाहून ठरवता येणार नाही. ते घरात सापडले तर काय होईल, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या रात्री तुम्हाला मिळालेले आहे.

आता विश्वासघाताबद्दल. तुम्ही गोळ्या आधी लपवल्या आणि नंतर मार खाल्ला, असे झालेले नाही. तुम्ही आधी मोकळेपणाने, समोर बसून, मला इतक्यात मूल नको असे सांगितले होते. नवरा-बायकोत जे बोलणे व्हायला हवे ते तुम्ही केलेत, आणि त्याचे उत्तर मारहाणीने मिळाले. खरे बोलण्याची जागा ज्याने स्वतःच्या हाताने बंद केली, त्याला न सांगता स्वतःच्या शरीराची काळजी घेणे हा माझ्या मते विश्वासघात नाही. हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात स्पष्ट म्हटले आहे की मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवण्याचा स्त्रीचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि त्यातच गर्भनिरोधक साधन वापरण्याचा अधिकारही येतो. आणि न्यायालयापर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या याच नागपुरात, २० जुलै १९४२ रोजी भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समोर बसलेल्या हजारो बायांना सांगितले होते की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा, आणि फार मुले होऊ देऊ नयेत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी या शहरातील कष्टकरी बायांनी जे ऐकून घेतले, त्याबद्दल आज तुम्हाला अपराधी वाटावे, याचे मला फार वाईट वाटते.

सहीचे उत्तर थोडक्यात देता येते. गोळ्या, इंजेक्शन, तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी), इतकेच नव्हे तर स्त्री-नसबंदीसाठीसुद्धा नवऱ्याच्या संमतीची कायद्याने गरज नाही, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. तरीही काही ठिकाणी सवयीने ‘मिस्टरांना घेऊन या’ असे म्हटले जाते, हे मला ठाऊक आहे. तसे झाले तर वाद न घालता, ‘घरी मारहाण होते, त्यांना कळता कामा नये, मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे,’ एवढे हळू आवाजात सांगा. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्या नर्सचा सूर बहुतेक वेळा बदलतो.

साधनांकडे येते. गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय हे स्त्रियांचेच रुग्णालय असल्यामुळे तेथे बाळाला कडेवर घेऊन जाणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही, हा तुमच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. तुम्ही ऐकलेले तीन महिन्यांचे इंजेक्शन म्हणजे ‘अंतरा’. ते सरकारी आरोग्य सेवेत मोफत मिळते. तुमची धाकटी अंगावर पीत असली तरी ते चालते, कारण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ते सुरू करता येते. घरात लपवण्यासारखे त्यात काहीच नसते, कारण दंडावर किंवा कमरेवर सुई टोचली की पुढचे तीन महिने पाकीट नाही आणि रोजची आठवण ठेवणे नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतले तर लगेच संरक्षण मिळते. त्यानंतर घेतले तर पुढचे सात दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते, आणि ती काळजी तुमच्या हातात नाही, म्हणून पाळीच्या पहिल्या आठवड्यातच जाणे बरे. पुढची तारीख थोडी मागेपुढे झाली तरी घाबरू नका. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत पुढचे इंजेक्शन घेता येते.

पण येथे एक गोष्ट नीट तोलून पाहा. अंतराने बहुतेक जणींची पाळी बदलते, सुरुवातीला मधूनच डाग पडतात आणि काही महिन्यांनी पाळी लांबते किंवा पूर्ण थांबते. त्याने शरीराला अपाय होत नाही, उलट तुमच्यासारख्या कमी रक्त असलेल्या बाईचे रक्त वाचतेच. परंतु तुमचे पती पाळीची तारीख विचारतात. पाळी थांबली की आधी ‘दिवस गेले’ म्हणून घरात आनंद होईल, आणि दोन महिन्यांनी संशय येईल. धाकटी अजून पीत असेल, तर ‘अंगावर पाजते आहे म्हणून पाळी मागेपुढे होते’ असे सांगता येईल आणि ते सांगणे कोणाला खोटेही वाटणार नाही, कारण पाजणाऱ्या बायांचे तसे होतेच. पाजणे थांबल्यावर मात्र हे कारण उरणार नाही. शिवाय इंजेक्शनाचे एक कार्ड मिळते, ते घरी नेऊ नका. दवाखान्यातच ठेवायला सांगा किंवा तुमच्या विश्वासातील आशाताईंकडे द्या. नोंदणी करताना फोन नंबर मागितला तर स्वतःचा देऊ नका, कारण पुढच्या तारखेचा फोन किंवा संदेश नेमका पतींच्या हातात पडायचा.

तांबी हा दुसरा मार्ग आहे, आणि तारखा मोजणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत ती अनेकदा अधिक सुरक्षित ठरते, कारण तांबीने पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहते. सरकारी रुग्णालयात पाच वर्षे आणि दहा वर्षे चालणाऱ्या तांब्या मोफत बसवतात. त्या केव्हाही काढता येतात आणि काढल्यावर लगेच पुढच्या महिन्यापासून दिवस राहू शकतात. अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे सुरुवातीच्या काही महिन्यांत रक्तस्राव वाढतो, आणि तुमचे रक्त आधीच कमी आहे. म्हणून हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका, आणि घेतलात तर लोहाच्या गोळ्या नियमित चालू ठेवा. त्या गोळ्या घरात उघड्यावर ठेवता येतील, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. दुसरी अडचण धाग्याची. तांबीचा बारीक धागा गर्भाशयाच्या तोंडाशी राहतो आणि संबंधाच्या वेळी क्वचित पुरुषाला जाणवतो. बसवण्याच्या आधीच डॉक्टरांना ‘धागा अगदी आखूड कापा, घरी कळता कामा नये’ असे सांगितले, तर त्या तो आतच राहील इतका आखूड कापू शकतात. नंतर काढताना थोडी जास्त खटपट पडते, इतकेच. पतींचे बाहेर संबंध असल्याची शंका असेल किंवा तुम्हाला ओटीपोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे असा त्रास असेल, तर तोही आधी सांगा, कारण संसर्ग असताना तांबी बसवत नाहीत.

‘छाया’ नावाची गोळीही सरकारी दवाखान्यात मिळते. तिच्यात हार्मोन नसतात, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या पाकिटापेक्षा ती सोपी आहे खरी, पण पाकीट ते पाकीटच. ज्या घरात पिठाचा डबा चाळला जातो, त्या घरात ती शेजारणीकडे किंवा आशाताईंकडे ठेवणे शक्य असेल तरच विचार करा. निरोधबद्दल मी काही लिहीत नाही, कारण तो वापरणे न वापरणे सर्वस्वी त्यांच्या हातात आहे. तातडीची गोळी मात्र लक्षात असू द्या. नको असलेल्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी उत्तम, ही एक गोळी घेतली तर दिवस राहण्याचा धोका बराच कमी होतो. ती आशाताईंकडे आणि औषधाच्या दुकानातही मिळते. तिला कायमचे साधन मात्र समजू नये.

तुमच्या जावेचे म्हणणे खरे नाही, पण ते अगदी निराधारही नाही, म्हणून त्यावर दोन वाक्ये लिहिते. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. या मधल्या काळात एखादीला वाटते की आता आपली कूस बंदच झाली, आणि तीच गोष्ट पुढे चार घरी फिरते. रक्तदाब खूप वाढलेला असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा कारण न कळणारा रक्तस्राव होत असेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत. डॉक्टर आधी विचारतील, त्यांना खरे ते सांगा.

ऑपरेशनबद्दल मला तुमच्याशी जरा जास्त बोलायचे आहे. ‘करून मोकळे व्हावे’ हे शब्द मी या कामात पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आढळली, तर पुरुष-नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही ही स्थिती आहे. याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हे दोन आकडे शेजारी ठेवून मी असा दावा करणार नाही की एकामुळे दुसरे घडते. मात्र माझ्यासमोर बसलेल्या कित्येक जणींनी ऑपरेशन निवडले ते अशासाठी, की रोज लपवण्याचा आणि रोज घाबरण्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यात आणखी मूल हवे की नको हा विचार शेवटी आला, कधी आलाच नाही. तुम्ही २७ वर्षांच्या आहात. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की ‘निदान आता तरी नको’. उद्या तुम्ही या घरात राहाल की नाही, वेगळे आयुष्य सुरू कराल की नाही, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ऑपरेशन उलटवणे अवघड असते आणि यशाची खात्री नसते. सरकारी नियमाप्रमाणे धाकटे मूल वर्षाचे झाल्यावर हा विचार करायचा असतो, आणि टाके, विश्रांती, दवाखान्यात राहणे हे सगळे पतींच्या नकळत होणारही नाही. अंतरा किंवा तांबीने तुम्हाला काही वर्षे मिळतील. ऑपरेशनचा निर्णय त्या वर्षांत, भीती नसताना घ्या. तेव्हाही हेच हवे वाटले तर तो तुमचा हक्क आहे, आणि मग मी एका शब्दानेही अडवणार नाही.

सासूबाईंच्या ‘तपासून घेऊ’ला मात्र कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नका. गर्भलिंग तपासणी १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि शहराबाहेर किंवा राज्याबाहेर नेऊन केली तरी तो गुन्हाच राहतो. तुम्हाला जबरदस्तीने नेले गेले तर हेही लक्षात ठेवा की अशा तपासणीसाठी नवऱ्याने आणि नातेवाइकांनीच स्त्रीला भाग पाडले, असे कायदा गृहीत धरतो. तुम्ही आरोपी होण्याच्या भीतीने गप्प राहण्याचे कारण नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरते, हे घरात बोलून दाखवण्याचा सल्ला मी आज तुम्हाला देणार नाही. बरोबर असूनही ते वाक्य तुम्हालाच महागात पडेल.

तुमच्या आईंना वाटते की मुलगा झाला की सगळे शांत होईल. त्यांनी स्वतः काय पाहिले असेल, कशाच्या आधाराने त्या हे म्हणतात, ते मी समजू शकते. पण मारणारा हात मुलाच्या जन्माने थांबल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गरोदरपणात मारहाण वाढल्याचे मात्र मी अनेकदा पाहिले आहे, आणि तिसऱ्या बाळंतपणानंतर बाईकडे घर सोडण्याइतकी ताकद, पैसा आणि हात मोकळे उरत नाहीत, हेही पाहिले आहे. आईंना रागावू नका. त्यांना गळ्याबद्दल सांगा. बहुतेक आया मुलीच्या तोंडून ‘मारले’ ऐकून ‘सांभाळून घे’ म्हणतात, पण ‘गळा दाबला’ ऐकल्यावर त्यांचे मन बदलते. त्यांच्याकडून आज फक्त एकच गोष्ट मागा: तुमच्या आणि मुलींच्या कागदपत्रांची एक पिशवी त्यांनी उमरेडला आपल्याजवळ ठेवावी. त्यात आधार कार्डांच्या आणि रेशन कार्डाच्या प्रती, मुलींचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक, लग्नाचा फोटो किंवा दाखला, मारहाणीनंतरचे केसपेपर आणि जमेल तेवढे पैसे असावेत.

कारण साधन मिळाले तरी ते तुम्हाला गर्भधारणेपासून वाचवेल, मारापासून वाचवणार नाही, आणि म्हणून दुसरे काम त्याच्या बरोबरीनेच सुरू करायला हवे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा तुमच्यासारख्या प्रसंगासाठीच आहे. त्यात मारहाणीबरोबरच लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसा मानला आहे. आपल्या फौजदारी कायद्यात सज्ञान पत्नीवर पतीने केलेल्या जबरदस्तीला अजून बलात्कार म्हटले जात नाही, याचा मला संताप आहे. पण या २००५च्या कायद्याखाली तुम्ही रात्रीची जबरदस्ती निश्चितपणे सांगू शकता आणि तिच्यापासून संरक्षणाचा आदेश मागू शकता. घर पतींच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असले तरी तेथे राहण्याचा तुमचा हक्क आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी, असे कायदा सांगतो, आणि तातडी असेल तर पतींचे म्हणणे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी भरून देतात. वकिलाचा खर्च करावा लागत नाही, कारण स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. नागपुरात त्याचे काम सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयातून चालते, आणि मोफत कायदेशीर मदतीचा फोन १५१०० हा आहे. शहर पोलिसांच्या, महिलांना मदत करणाऱ्या भरोसा सेलमध्येही जाता येते, पण तेथे किंवा कोठेही तुम्हाला ‘समजूत घालून’ लगेच घरी पाठवण्याचा प्रयत्न झाला, तर गळ्याची गोष्ट आणि गोळ्यांची गोष्ट स्पष्ट सांगा आणि लेखी नोंद घ्यायला सांगा.

१८१ हा महिलांचा फोन चोवीस तास चालतो. तो सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतो, जेथे तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि वैद्यकीय मदत एकत्र मिळते, आणि मुलींना बरोबर घेऊन जाता येते. जिवावर बेतले तर ११२. हे फोन स्वतःच्या मोबाइलवरून केलात तर नंतर यादीतून पुसा. शक्य असेल तर शेजारणीच्या किंवा अंगणवाडी ताईंच्या फोनवरून करा. त्या शेजारणीशी एक साधी खूणही ठरवून ठेवा, म्हणजे मोठीने जाऊन ‘आईने विरजण मागितले आहे’ असे म्हटले की तिने ११२ला फोन करावा. मोठी पाच वर्षांची आहे, तिला कारण सांगू नका, फक्त निरोप शिकवा. आणि भांडण पेटू लागले की स्वयंपाकघरात जाऊ नका. तेथे दार एक आणि धारदार वस्तू अनेक असतात.

एक शक्यता तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती नजरेआड करता येत नाही. गोळ्या गेल्या महिन्यात बंद झाल्या आहेत, म्हणजे दिवस राहिलेलेही असू शकतात. त्यामुळे कोणतेही साधन घेण्याआधी लघवीची तपासणी करा, ती आशाताईंकडे मोफत होते. दिवस राहिलेले असतील आणि तुम्हाला ते नको असतील, तर १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा तुम्हाला मार्ग देतो. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, साधन निष्फळ ठरल्याच्या कारणावरूनही, गर्भपात करता येतो आणि त्यासाठी फक्त तुमची संमती लागते, पतींची नाही. तुमचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात असेही म्हटले की या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात पतीने केलेली जबरदस्तीही येते. दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नका. तुमचे रक्त कमी आहे आणि घरी रक्तस्राव वाढला तर तुम्हाला दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न आहे. जितक्या लवकर जाल तितके ते सोपे आणि सुरक्षित असते.

पतींची सकाळची शिफ्ट असेल तो दिवस निवडा. घरी ‘धाकटीचे वजन आणि रक्त दाखवून आणते’ असे सांगून बाहेर पडा, कारण अकरा महिन्यांच्या बाळाला दाखवायला नेणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही, आणि त्या निमित्ताने तिला खरोखर दाखवूनही आणा. तुमचा स्वतःचा केसपेपर निघेल त्यावर ‘अशक्तपणा’ हे कारण आधी सांगा, ते खरेच आहे. सासूबाई सोबत आल्याच, तर त्यांना बाळ घेऊन बाहेर बाकावर बसायला सांगण्याचे काम डॉक्टरांवर सोपवा. आतली तपासणी आहे, इतके डॉक्टरांनी म्हटले की दार लागते. दार लागल्यावर सर्वांत आधी गळ्याबद्दल सांगा, मग साधनाबद्दल विचारा.